दोघांना एकच घर: जोडीच्या मांजरांसाठी सुरक्षित ठिकाण शोधताना

शेवंती आणि भुऱ्या माझ्याकडे तात्पुरते राहायला आले तेव्हा दोघंही सात वर्षांचे होते. पहिल्या दिवशी शेवंती कपाटामागे गेली ती बाहेरच येईना. वाडगा तिच्या तोंडाशी सरकवला, तर तिनं वास घेतला आणि मान फिरवली. रात्री भुऱ्या तिच्या शेजारी जाऊन मुटकुळं करून बसला, तिचं कपाळ चाटत राहिला, आणि मग कुठे तिनं पहिला घास घेतला. तीन दिवसांनी भुऱ्याला रक्ततपासणीसाठी नेलं, तेव्हा ती दोन तास दाराशी बसून होती, पुढचा पंजा दाराखालच्या फटीत घालून.

अशी जोडी द्यायची वेळ आली की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एक असतं तर नेलं असतं हो, दोन जरा जास्त होतात." चार-पाच जणांकडून हेच ऐकलं की माणूस खचतो आणि दोघांना वेगवेगळी घरं बघू लागतो. तिथे थांबा. मी बरीच वर्षं मांजरांना तात्पुरतं सांभाळून पुढच्या घरी पोचवायचं काम करते. जोडीला घर मिळतं. कधी दोन-तीन महिने लागतात, पण मिळतं.

आधी कारण तपासा

माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी काहींमध्ये घर शोधायची गरजच नसते. घरात कुणाला दिवस गेले आणि कुणीतरी मांजराची भीती घातली, हे त्यातलं नेहमीचं. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. त्याची लागण झालेलं मांजर साधारण एक ते तीन आठवडेच विष्ठेतून त्याची अंडी टाकतं आणि ती अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूसाठी वाळूसारखं लिटर भरलेली पेटी) रोज साफ झाला, आणि तो गर्भवतीनं न करता घरातल्या दुसऱ्या कुणी केला, तर धोका फारच कमी होतो. अर्धकच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यांतूनही हा परजीवी येतो. डॉक्टरांशी बोला, पण घाबरून मांजरं बाहेर काढू नका.

दुसरं कारण म्हणजे लिटर बॉक्सबाहेर घाण करणं. यामागे बहुतेक वेळा मूत्रमार्गाचा त्रास, सांधेदुखी किंवा बॉक्सची चुकीची जागा असते. आधी पशुवैद्याकडे न्या. उपचार न करता मांजर दुसरीकडे दिलं, तर ते तिथेही तेच करेल आणि परत येईल.

पण घर सुटलंय, आजारपण आलंय, सांभाळणारं माणूसच गेलंय, अशी कारणं असतील तर स्वतःला दोष देत बसू नका. विचार करून दिलेलं चांगलं घर हीसुद्धा काळजीच आहे. फक्त अनोळखी वस्तीत "कुणीतरी खायला घालेल" म्हणून सोडणं हा पर्याय कधीही मनात आणू नका. घरात वाढलेल्या मांजराला वाहनं, कुत्री आणि दुसऱ्या मांजरांच्या हद्दी यांतलं काहीच कळत नसतं.

जोडी खरंच जोडी आहे का?

इथे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. एका घरात राहणारी दोन मांजरं म्हणजे जोडी असं नाही. सख्खी भावंडं मोठी झाल्यावर एकमेकांना टाळतात आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली दोन एकमेकांवाचून राहत नाहीत, दोन्ही मी पाहिलंय. शेवंती-भुऱ्या भावंडं नव्हती.

आठवडाभर वहीत नोंद ठेवा. दोघं अंगाला अंग लावून झोपतात का? नुसतं एका सोफ्यावर असणं पुरेसं नाही, कारण मऊ जागा दोघांनाही आवडते. एकमेकांचं डोकं, मान, कानामागची जागा चाटतात का? दुसरा खोलीत आला की शेपूट उभी करून पुढे जातात, गालानं घासतात? खेळताना आळीपाळीनं पाठलाग होतो की नेहमी एकच पळतो आणि दुसरा धावून जातो? एक दिसेनासा झाला तर दुसरा हाका मारत फिरतो का?

आता उलट खुणा. एक जण लिटर बॉक्सच्या वाटेवर आडवा बसतो. टक लावून बघणं चालतं, आणि दुसरा नजर चुकवून भिंतीच्या कडेनं निघून जातो. दोघं घराचे वेगवेगळे भाग वाटून घेतात. भांडण होत नाही, म्हणून घरातल्यांना वाटतं सगळं ठीक आहे. पण अशी मांजरं मनातून ताणात असतात आणि वेगळ्या घरी गेल्यावर दोन्ही खुलतात. त्यांना जबरदस्तीनं एकत्र ठेवण्याचा आग्रह धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका बाबतीत मात्र फसू नका. दोघांतलं एक दवाखान्यातून परतलं की जिवाभावाची जोडीसुद्धा एकमेकांवर फिस्कारते. मांजर सोबत्याला आधी वासानं ओळखतं, आणि परतलेल्या मांजराला औषधांचा, परक्या हातांचा वास लागलेला असतो. भुऱ्या तपासणीहून आला तेव्हा तीच शेवंती, जी दोन तास दाराशी बसली होती, त्याला बघून पाठीची कमान करून मागे सरकली. मी भुऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, शेवंतीच्या अंथरुणातला टॉवेल त्याच्या अंगावरून फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा एका उशीवर होती. तेव्हापासून जोडीतल्या एकालाच न्यायचं असलं तरी शक्य असेल तर मी दोघांना घेऊन जाते.

पशुवैद्याकडची कामं आणि एक फाइल

जाहिरात टाकण्याआधी दोघांची पूर्ण तपासणी करून घ्या. नसबंदी झालेली नसेल तर ती सर्वांत आधी. मादी चार महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो, आणि भाऊ-बहीण हे नातं मांजरं पाळत नाहीत. बोक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, म्हणून तेवढे दिवस नसबंदी न झालेल्या मादीपासून त्याला लांब ठेवा.

लसींमध्ये रेबीजची आणि पॅनल्युकोपेनिया, हर्पिस, कॅलिसी या तीन विषाणूंविरुद्धची एकत्रित लस बघा. पिल्लांना ही एकत्रित लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देतात. एक डोस झाला म्हणजे लसीकरण झालं, असं लिहू नका. एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) आणि ल्युकेमिया विषाणूची चाचणी दोघांचीही करा. ल्युकेमियाचा विषाणू एकमेकांना चाटण्यातून, एकाच वाडग्यातून पसरतो, आणि जोडीची मांजरं दिवसभर तेच करत असतात. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून जातो, त्यामुळे न भांडणाऱ्या जोडीत एकाला तो असला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता कमी असते. निकाल काहीही येवो, तो लपवायचा नाही.

मायक्रोचिप बसवून घेता आली तर उत्तम. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो आणि स्कॅनर फिरवला की तो दिसतो. तिच्यानं मांजर कुठे आहे ते कळत नाही, फक्त सापडलेलं मांजर कुणाचं ते कळतं, आणि तेही नोंदणीतला फोन नंबर चालू असेल तरच.

सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि पहिलं पान स्वतः लिहा. प्रत्येकाचं वजन, नेहमीचं खाणं, लिटरचा प्रकार, कशाला घाबरतं, कुठे कुरवाळलेलं आवडतं, कुठे हात लावलेला खपत नाही. आणि जोडी म्हणून कसं वागतात: पुढाकार कोण घेतं, कोण कुणामागे लपतं. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात या पानाचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

जाहिरात कशी लिहावी

दोघांचे एकत्र काढलेले फोटो द्या. वेगवेगळे फोटो टाकले की लोक आपसूक निवड करू लागतात, "मला ती पांढरी हवी." निदान तीन फोटो एका चौकटीत दोघं असलेले हवेत: झोपलेले, खिडकीत बसलेले, खेळताना. खिडकीच्या उजेडात, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, फ्लॅश नको.

मजकुरात विनवणी नको आणि धमकीही नको. "घर मिळालं नाही तर रस्त्यावर येतील" असं लिहिलं की दया वाटणारे फोन येतात आणि दयेपोटी झालेला होकार पंधरा दिवसांत मागे घेतला जातो. शेवंती-भुऱ्यासाठी मी लिहिलं होतं ते असं:

"सात वर्षांची दोन शांत मांजरं, कायम सोबत राहिलेली. भुऱ्या धीट आहे, पाहुण्यांच्या पायाला अंग घासतो. शेवंती बुजरी, पण भुऱ्या जवळ असेल तर दोन-तीन आठवड्यांत तुमच्या मांडीशी येईल. दोघांची नसबंदी, लसी, चाचण्या झाल्या आहेत. भुऱ्याचे दोन दात काढले आहेत, त्यामुळे त्याला मऊ खाणं लागतं. खिडक्यांना जाळी असलेलं, बाहेर न सोडणारं घर हवं. दोघं एकत्रच जातील."

शेवटचं वाक्य तसंच ठेवा, त्याला "शक्यतो" जोडू नका. एकदा शक्यतो लिहिलं की प्रत्येक फोन घासाघीसीनं सुरू होतो. दाताचा उल्लेख मुद्दाम आहे. खोट आधीच सांगितली की फोन थोडे कमी येतात, पण येतात ते ऐकून-समजून आलेले असतात.

घरचा पत्ता, इमारतीचं नाव, खिडकीतून ओळखू येईल असा परिसर फोटोत येऊ देऊ नका. "मोफत" हा शब्दही टाळा. फुकट मिळालेली मांजरं पुढे विकणारे, पिल्लांसाठी वापरणारे, आणि घरात मावणार नाहीत एवढी गोळा करणारे लोक असतात. लसीच्या खर्चाएवढं शुल्क मागितलं तरी यातले बरेच जण परत फोन करत नाहीत.

जोडी असणं हा त्रास नव्हे, हेही समोरच्याला समजावून सांगावं लागतं. दिवसभर माणसं बाहेर असलेल्या घरात एकटं मांजर कंटाळतं, पडदे ओढतं, पहाटे उठवतं. दोन असली की एकमेकांत दमतात. शिवाय त्यांची एकमेकांशी ओळख करून देण्याचं अवघड काम आधीच झालेलं असतं. खाण्याचा आणि दवाखान्याचा खर्च मात्र दुप्पट असतो, तो नाकारू नका.

फोनवर काय विचारायचं

नव्यानं हे काम करणारे इथे संकोचतात. आपण मागणारे, समोरचा देणारा, मग उलटतपासणी कशी करायची? पण ज्यांना मनापासून मांजरं हवी असतात त्यांना प्रश्नांचा राग येत नाही. उलट तेच जास्त विचारतात: रात्री कुठे झोपतात, औषध कसं घेतात, फटाक्यासारख्या आवाजाला घाबरतात का. मी तर फोन ठेवल्यावर वहीत लिहून ठेवते, समोरच्यानं किती प्रश्न विचारले. एकही प्रश्न न विचारता "कधी नेऊ?" म्हणणाऱ्याला मी पुन्हा फोन करायला सांगते.

गप्पांच्या ओघात या गोष्टी काढून घ्या. घर स्वतःचं की भाड्याचं, आणि भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी आहे का. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे का, प्रत्येकाचा होकार आहे का. कुणाला ॲलर्जी आहे का. ॲलर्जी केसांमुळे नव्हे तर मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत तयार होणाऱ्या फेल डी १ या प्रथिनामुळे होते, म्हणून "केस कमी गळतात ना?" यानं काही ठरत नाही. शंका असेल तर घरातल्या सगळ्यांनी दोन-तीनदा येऊन तासभर मांजरांसोबत बसावं.

आधीची मांजरं कुठे आहेत, हे जरूर विचारा. म्हातारपणानं गेली, असं सांगताना आवाज बदलतो तो ऐका. "हरवलं", "पडलं", "कुठेतरी गेलं" अशी दोन-तीन उत्तरं आली तर पुढे जाऊ नका. आणि गेल्या वर्षभरात घरात एखादं मांजर किंवा पिल्लू आजारानं दगावलं का, कशानं, हेही. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरू शकतो. अशा घरी जाण्याआधी दोघांच्या लसी पूर्ण झालेल्या असायलाच हव्यात.

तुम्ही प्रवासाला गेलात तर कोण बघेल? दोघांतलं एक आजारी पडलं तर खर्च झेपेल? मांजरं पंधरा-वीस वर्षं जगू शकतात. सात वर्षांची जोडी घेणाऱ्यानं पुढच्या दहा वर्षांचा तरी विचार केलेला असावा.

काही बोलण्यांवर मी तिथेच थांबते. "आज रात्रीच नेतो." "नसबंदी न झालेली असतील तर बरं." "मी येत नाही, ड्रायव्हर पाठवतो." "एक आता द्या, दुसरं महिन्याभरानं नेतो." यातलं शेवटचं सर्वांत गोड बोलून सांगितलं जातं, आणि तो महिना कधी येत नाही. पैसे पाठवतो म्हणून लिंक उघडायला किंवा ओटीपी सांगायला लावणारा माणूस मांजरासाठी आलेला नसतो, फोन ठेवून नंबर बंद करा.

घर बघायला जा

व्हिडिओ कॉलवर घर छान दिसतं. प्रत्यक्ष जाऊन बघण्याला पर्याय नाही, आणि लांब असेल तर तिथल्या ओळखीच्या प्राणिप्रेमीला पाठवा. मी खुर्चीवर बसायच्या आधी खिडक्या बघते. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. मांजर पायांवर पडतं हे खरं, पण छातीला मार, फाटलेला टाळू, मोडलेले पाय हे त्यासोबत येतं. मांजर शहाणं असतं, उडी मारणार नाही, असं म्हणणाऱ्याला मी सांगते की ते उडी मारत नाही, माशीमागे झेपावतं.

डासांची पातळ जाळी नखांनी फाटते. घट्ट बसवलेली, चावून न तुटणारी जाळी हवी. जिथून मांजराचं डोकं जातं तिथून बहुधा सगळं अंग जातं, तेव्हा गजांमधली फट हातानं मोजा. वरून तिरकी उघडणारी खिडकी असेल तर तिच्या फटीत मांजर अडकून चिरडतं, ती बंदच राहायला हवी. बाथरूमची छोटी खिडकी विसरू नका. माझ्याकडून एकदा विसरली गेली होती. बाकी सगळं घर नीट पाहिलं आणि बाथरूमचं दार लोटलेलं होतं म्हणून आत डोकावले नाही. तिसऱ्या रात्री एक मांजर तिथून बाहेर पडलं. दोन इमारतींपलीकडे गाड्यांखाली चार दिवसांनी सापडलं, तोपर्यंत त्याची सोबतीण खिडकीखाली बसून ओरडत होती. आता मी प्रत्येक दार उघडून बघते, लोकांना विचित्र वाटलं तरी.

झाडांमध्ये लिली आणि डे-लिली असतील तर त्या घराबाहेर जायलाच हव्यात. फुलांचे परागकण अंगाला लागून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामोलची एक गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनयुक्त पिसवांची औषधं मांजराला विषारी असतात, घरात कुत्रा असेल तर हे मुद्दाम सांगा. सुई-दोरा, रबर बँड, वॉशिंग मशीनचं उघडं दार, एवढं बोलण्यात काढलं तरी पुरतं.

लिहून घ्या

ओळखीतलं घर असलं तरी लिहूनच घ्या. एक पान बास आहे. दोघांना वेगळं करायचं नाही, पुढे कुणाला परस्पर द्यायचं नाही, सांभाळणं जमलं नाही तर आधी तुम्हाला कळवून दोघं तुमच्याकडे परत यायची, बाहेर मोकळं सोडायचं नाही. दोन्ही बाजूंचे पूर्ण पत्ते, ओळखपत्राची प्रत, सह्या, मांजरांचे फोटो आणि चिप क्रमांक. दोन ते चार आठवडे बघण्याची मुदत ठेवा. ही मुदत समोरच्यालाही धीर देते, कारण "नाही जमलं तर" हा प्रश्न त्याच्याही मनात असतो आणि परत देणं म्हणजे अपराध, असं वाटलं तर माणूस अडचण लपवतो.

प्रवास

आधीपासून कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायच्या पेट्या, उघडे करून खोलीत ठेवा, आत त्यांचं अंथरूण घाला, म्हणजे निदान ते ओळखीचे होतात. जोडी असली तरी कॅरिअर दोन. माझ्याकडे येताना शेवंती आणि भुऱ्याला एकातच कोंबलं होतं, भुऱ्याच्या कानावर ओरखडा होता. घाबरलेलं मांजर जे जवळ असेल त्यावर नखं चालवतं. दोन्ही कॅरिअर एकमेकांना लागून, तोंडं एकाच बाजूला करून ठेवा आणि वरून पातळ चादर टाका. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नका. काहीही झालं तरी वाटेत दार उघडायचं नाही. गाडीत नाही, जिन्यात नाही, नव्या घराच्या दिवाणखान्यातही नाही. ठरवलेल्या खोलीत जाऊन, दार लावून, मगच.

सोबत न धुतलेली अंथरुणं आणि वापरलेलं थोडं लिटर द्या. धुऊन स्वच्छ करून द्यावंसं वाटतं, पण त्यांच्यासाठी त्या वासातच घर असतं.

पहिले काही दिवस

नव्या घरच्यांना हे सगळं आधी समजावून ठेवा, कारण पहिल्या आठवड्यातला गैरसमज हेच मांजरं परत येण्याचं मोठं कारण असतं.

एकच खोली. तिच्यात लपायला निदान दोन जागा, दोन वाडगे एकमेकांपासून अंतरावर, पाणी वेगळं, लिटर बॉक्स खाण्यापासून लांब. दोन मांजरांसाठी घरात शेवटी तीन बॉक्स असावेत, पण पहिल्या खोलीत दोन चालतात. खाणं पूर्वीचंच, बदलायचं असेल तर स्थिरावल्यावर सात ते दहा दिवसांत हळूहळू. माणसानं आत जाऊन जमिनीवर बसावं, पुस्तक वाचावं, हात पुढे करू नये. पाहुणे आणि शेजारची मुलं यांना पहिला आठवडाभर खोलीत आणू नका.

लपून बसणं साहजिक आहे. तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत दिनक्रम कळलेला, तीन महिन्यांत घरचं झालेलं, असा ढोबळ अंदाज या कामात सांगतात. त्यात धीट मांजर आधी बाहेर येतं आणि बुजरं मागे राहतं. तेव्हा धिटुकल्याला घरभर फिरवून बुजऱ्याला खोलीत एकटं ठेवू नका. दोघं तयार होईपर्यंत दार दोघांसाठीही बंद. दोघं प्रवासानंतर एकमेकांवर फिस्कारली तरी घाबरू नका, वासाचा तोच गोंधळ असतो. खोलीत अंतर ठेवायला जागा द्या आणि दोघांची अंथरुणं अदलाबदल करा. पण पाठलाग, किंचाळ्या, केस उडणं सुरू झालं तर दोन खोल्यांत ठेवून पुन्हा हळूहळू भेटवा.

दोन गोष्टींमध्ये वाट बघायची नाही. चोवीस तास काहीच न खाणारं मांजर दिसलं तर पशुवैद्याला फोन करा, कारण काही दिवसांच्या उपाशीपोटी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं, लठ्ठ मांजर तर लवकरच. आणि बोका पुन्हापुन्हा लिटर बॉक्समध्ये बसतोय, कुंथतोय, पण थेंबही येत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. वाडगे वेगळे आणि बॉक्स रोज बघण्याचा आग्रह यासाठीच, नाहीतर दोघांतलं कोण जेवलं नाही हे कळतच नाही.

घरात आधीचं मांजर असेल तर ओळख करून देण्याचं काम आठवड्यांच्या हिशेबानं करा. आधी दाराच्या दोन्ही बाजूंनी वास, मग फटीतून नजर, मग थोडा वेळ समोरासमोर. आधीच्या एकट्या मांजरासमोर दोघं मिळून येतात हे लक्षात घेऊन त्याला उंच जागा आणि पळायला वाट द्या.

घर अजून मिळत नसेल तर

दोन महिने झाले, फोन थांबले, आणि तुमची जाण्याची तारीख जवळ आली. अशा वेळी कायमचं घर बाजूला ठेवून तात्पुरता सांभाळ शोधा. "तीन महिने, खाणं आणि दवाखाना माझ्याकडे" असं सांगितलं की ज्यांना कायमची जबाबदारी नको असते ते पुढे येतात, आणि त्यातले काही पुढे मांजरं ठेवूनच घेतात. संस्थेकडे द्यायची वेळ आली तर आधी जाऊन बघा, मांजरांना किती जागा आहे, आजारी आणि निरोगी वेगळी ठेवतात का, आणि जोडी एकत्र देण्याचं लिहून देतात का. जाहिरातीचे फोटो बदला, जुनीच पुन्हा फिरवू नका. पशुवैद्यांच्या दवाखान्यात कागद लावा, कारण म्हातारं मांजर नुकतंच गेलेली माणसं तिथे ओळखीची असतात आणि मोठ्या वयाच्या शांत जोडीला तीच माणसं हो म्हणतात.

दिल्यानंतर

पहिल्या रात्री फोन करा, मग तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं. "सगळं ठीक?" असं विचारलं तर "हो" एवढंच उत्तर येतं. काल दोघांनी किती खाल्लं, लिटरमध्ये काय दिसलं, झोपतात कुठे, असं विचारा. मुदत संपली की मायक्रोचिपची नोंद नव्या नावावर करून घ्या आणि तुमचा नंबर दुसरा संपर्क म्हणून राहू द्या.

शेवंती-भुऱ्याला अकराव्या आठवड्यात घर मिळालं. घेणाऱ्या बाईंनी पहिल्या फोनवर चौदा प्रश्न विचारले होते, मी मोजले होते. पहिले चार दिवस त्यांचे निरोप सारखेच: भुऱ्या बाहेर, शेवंती पलंगाखाली, भुऱ्या शेजारी बसला की खाते. पाचव्या दिवशी पहाटे एक फोटो आला, अंधुक, हललेला. शेवंती वाडग्यापाशी एकटी उभी होती आणि मागे पलंगावर भुऱ्या चारी पाय वर करून झोपला होता.